सिव्हिल इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत नेमकं काय शिकावं लागतं? नागपूरच्या विद्यार्थी-पालकांचे नेहमीचे प्रश्न

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू झाल्या की कोणत्या कॉलेजचा कटऑफ किती, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मूल चार वर्षं रोज वर्गात बसून काय शिकणार, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मी नागपुरातच सिव्हिल शिकलो, काही वर्षं साइटवर काढली आणि आता शिकवतो. विषयांची नावं आणि सेमिस्टरचा क्रम व्हीएनआयटीत वेगळा, नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत वेगळा आणि स्वायत्त कॉलेजांत आणखी वेगळा असतो. गाभा मात्र सगळीकडे एकच आहे आणि खालची उत्तरं त्या गाभ्याबद्दलच आहेत.

चार वर्षांत एकूण कोणते विषय येतात?

पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंजिनीअरिंग मेकॅनिक्स, ड्रॉइंग, थोडं प्रोग्रॅमिंग, वर्कशॉप. खरं सिव्हिल दुसऱ्या वर्षी सुरू होतं. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स (मुलं त्याला एसओएम म्हणतात), सर्व्हेइंग, फ्लुइड मेकॅनिक्स, बांधकाम साहित्य, काँक्रीट टेक्नॉलॉजी आणि भूगर्भशास्त्र तेव्हा येतात. तिसऱ्या वर्षी स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, आरसीसी डिझाइन, जिओटेक म्हणजे मातीचं शास्त्र, रस्ते, पाणीपुरवठा व सांडपाणी, जलविज्ञान. चौथ्या वर्षी स्टील डिझाइन, फाउंडेशन, एस्टिमेट, बांधकाम व्यवस्थापन, इलेक्टिव्ह आणि प्रोजेक्ट. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीई हिच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० क्रेडिट धरली आहेत. आठवड्याला एक तास लेक्चर असेल तर एक क्रेडिट, आणि दोन तास प्रॅक्टिकल असेल तर एक.

ही यादी सुटी सुटी वाचू नका. तिच्यात साखळ्या आहेत. मेकॅनिक्सवर एसओएम उभं, एसओएमवर स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, त्यावर आरसीसी आणि स्टील. तसंच फ्लुइड मेकॅनिक्स, मग हायड्रॉलिक्स, मग जलविज्ञान आणि पाणीपुरवठा. एखाद्या विषयात जेमतेम चाळीस मार्कांनी सुटलात तर गुणपत्रिकेत तो संपतो, पण साखळीत पुढची दोन वर्षं तो समोर येत राहतो. सहाव्या सेमिस्टरला आरसीसी कळत नाही म्हणून जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांची अडचण दुसऱ्या सेमिस्टरच्या मेकॅनिक्समध्ये निघते.

पहिल्या वर्षात सिव्हिल कुठेच दिसत नाही. मन लागत नाही, काय करायचं?

दिसत नाही, पण असतं. मेकॅनिक्समधला फ्री बॉडी डायग्रॅम हे सिव्हिलमधलं सगळ्यात उपयोगी चित्र आहे. वस्तू भोवतालापासून वेगळी काढायची आणि तिच्यावर येणारं प्रत्येक बल बाणाने दाखवायचं. हे चित्र ज्याला न चुकता काढता येतं, त्याच्यासाठी पुढची चार-पाच पुस्तकं निम्मी सोपी होतात. रसायनशास्त्रातलं गंजणं पुढे काँक्रीटमधल्या सळईला लागू होतं, पाण्याचा जडपणा पाणीपुरवठ्यात परत येतो. डिफरन्शियल इक्वेशन नसेल तर बीमचं वाकणं मांडताच येत नाही.

ड्रॉइंगची शीट दुसऱ्याची पाहून उतरवू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये काय चालतं ते मला माहीत आहे. पण समोरून, वरून आणि बाजूने पाहिलेल्या तीन आकृत्यांवरून अख्खी वस्तू डोळ्यांपुढे उभी करणं ही सवय आहे, आणि ती हातानेच लागते. साइटवर नकाशा वाचणारा इंजिनीअर आणि नकाशा धरून उभा राहणारा इंजिनीअर यांच्यातला फरक तिथेच पडतो.

सगळ्यात महत्त्वाचा विषय कोणता?

माझ्या मते एसओएम. वस्तूवर भार आला की तिच्या आत काय होतं, हा त्याचा विषय. एक २३० बाय ४५० मिलिमीटरचा बीम घ्या. तो उभा ठेवला, म्हणजे ४५० ची बाजू उंचीला आली, तर तोच बीम आडवा ठेवल्यापेक्षा वाकायला सुमारे ३.८ पट जास्त विरोध करतो. साहित्य तेवढंच, वजन तेवढंच, खर्च तेवढाच. फरक फक्त ठेवण्याचा. किंवा हे बघा: सारखा पसरलेला भार असलेल्या बीमचा स्पॅन दुप्पट केला तर मधला झोल दुप्पट होत नाही, १६ पट होतो. घरमालक जेव्हा म्हणतो, "साहेब, हॉलमधला हा कॉलम काढून टाका ना," तेव्हा त्याला नाही का म्हणायचं, हे या १६ पटीत आहे.

आता तुमच्या घरातली एक खोली मोजू. ३ बाय ४ मीटर, वर १५० मिलिमीटरचा स्लॅब. आरसीसीचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन, म्हणजे स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३.७५. फरशी वगैरेचं एक धरा, राहत्या घराचा लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचा भार) दोन. बेरीज ६.७५, आणि १२ चौरस मीटरवर ती होते ८१ किलोन्यूटन. म्हणजे सव्वाआठ टन. एवढा भार एका बेडरूमच्या डोक्यावर आहे आणि तो चार बीमांवरून कॉलममध्ये, कॉलममधून त्याच्या खालच्या पायामध्ये, म्हणजे फुटिंगमध्ये, आणि तिथून मातीत सुखरूप पोचवायचा आहे. स्ट्रक्चरचे सगळे विषय या एका प्रवासाबद्दल आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोन्ही टोकांना टेकलेल्या स्लॅबमध्ये ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई खाली असते. गॅलरी किंवा छज्जा एकाच बाजूला धरलेला असतो, तिथे ताण वरच्या बाजूला येतो आणि सळई वर असावी लागते. काँक्रीट ओतताना कामगार त्या वरच्या सळईवर पाय देत फिरतात आणि ती खाली दबते. बाहेरून काहीच दिसत नाही, प्लास्टर झालं की तर मुळीच नाही. सेंटरिंग काढल्यावर छज्जा खाली येतो तो यामुळे. बीम कुठे किती वाकतो हे दाखवणारा बेंडिंग मोमेंट डायग्रॅम कुठे वर आणि कुठे खाली काढायचा, यावर वर्गात मी आग्रह धरतो तो मार्कांसाठी नाही.

काँक्रीटच्या प्रॅक्टिकलमध्ये काय करतात? क्यूब फोडून काय कळतं?

१५० मिलिमीटरचे क्यूब भरायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवायचे, ७ आणि २८ दिवसांनी मशिनमध्ये दाबायचे. एम-२५ म्हणजे २८ दिवसांना चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन. क्यूबचा चेहरा २२,५०० चौरस मिलिमीटरचा, म्हणून त्याने ५६२.५ किलोन्यूटन, म्हणजे ५७ टनांच्या आसपास, सोसायला हवं. पण मिक्स डिझाइन, म्हणजे सिमेंट-वाळू-गिट्टी-पाण्याचं प्रमाण ठरवणं, करताना २५ वर थांबत नाहीत. प्रत्येक क्यूब थोडा कमी-जास्त निघणारच, म्हणून आयएस (भारतीय मानक) १०२६२ नुसार लक्ष्य ३१.६ धरतात. हे आकडे कुठून आले हे कळलं की दुसऱ्या वर्षातल्या स्टॅटिस्टिक्सचा उपयोगही कळतो.

प्रयोगशाळेत सगळं मापात असतं. साइटवर ५० किलोच्या पोत्यामागे २५ लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०. काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून मिस्त्रीने पाचच लिटर जास्त टाकलं की ते ०.६० होतं आणि ताकद बरीच घसरते. काँक्रीट किती पातळ झालंय हे दाखवणारा स्लम्प कोन त्यासाठीच असतो. तो ३०० मिलिमीटरचा लोखंडी शंकू प्रत्येक गाडीला लावला तर वाद तिथेच मिटतो.

नागपुरात उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. ४० अंशांच्या वरचं हवामान आयएस ७८६१ मध्ये स्वतंत्र धरलं आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गिट्टी उन्हात तापलेली, टँकरचं पाणी गरम, वारा कोरडा. काँक्रीट घट्ट होण्याआधीच वरचं पाणी उडतं आणि पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. म्हणून स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी ओतायचा, गिट्टीवर सावली करायची, लगेच ओली गोणपाटं टाकायची. तराई, म्हणजे काँक्रीटला पाणी मारत राहणं, किती दिवस? आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस म्हणतो, कोरड्या गरम हवेत किमान १०. कोराडी-खापरखेड्यासारख्या वीज केंद्रांतली फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवस करावी. ते सिमेंट हळूहळू ताकद धरतं, त्याला पाणी जास्त दिवस लागतं. ठेकेदार तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळत असेल तर ट्रेनी इंजिनीअरने तोंड उघडायला हवं, आणि तोंड उघडायला कलम पाठ हवं.

काळ्या मातीबद्दल एवढं का शिकवतात?

कारण नागपूरच्या पश्चिमेकडची घरं पुष्कळशी तिच्यावर उभी आहेत. आपलं शहर दख्खनच्या बेसॉल्टच्या पूर्वेकडच्या कडेवर बसलं आहे. पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना ग्नाइस, कामठीकडे गोंडवन काळातला वालुकाश्म. दहा-पंधरा किलोमीटरच्या आत पायाची गणितं बदलतात, आणि भूगर्भशास्त्राचा विषय शिकायला इतकं सोयीचं शहर क्वचितच मिळेल.

बेसॉल्ट झिजून काळी माती होते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी शोषून फुगतं आणि सुकलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात ते यामुळेच. घराखाली तेच घडतं. पावसाळ्यात भिंत वर उचलली जाते, उन्हाळ्यात खाली बसते, सगळीकडे सारखी नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकायला लागतं. पुष्कळांना वाटतं की जड इमारतीला त्रास जास्त. उलट आहे. फुगणाऱ्या मातीचा दाब वर ढकलतो आणि हलक्या बांधकामाचं वजन त्याला पुरं पडत नाही, म्हणून एकमजली घर आणि कंपाउंड वॉल आधी तडकते.

प्रयोगशाळेत याची एक फार छान चाचणी आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेल्या कोरड्या मातीचे १० ग्रॅमचे दोन भाग घ्यायचे, एक डिस्टिल्ड पाण्यात, दुसरा रॉकेलमध्ये, काचेच्या दोन नळ्यांत २४ तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलच्या नळीत घनफळ १० मिलिलिटर आणि पाण्याच्या नळीत १६ भरलं, तर फ्री स्वेल इंडेक्स ६० टक्के. आपल्या गावच्या शेतातली माती पिशवीत घेऊन या आणि तिची ही चाचणी करा, असं मी मुलांना सांगतो. जर्नलमध्ये छापील आकडे उतरवण्यापेक्षा तो एक आकडा जास्त लक्षात राहतो.

उपाय काय, तर पाणी जिथे ऋतूप्रमाणे बदलत नाही तितक्या खोल जा. किंवा वरची काळी माती काढून चांगला मुरूम दाबून भरा. किंवा अंडर-रीम्ड पाइल घ्या: खोल भोक, तळाशी देठाच्या साधारण अडीच पट व्यासाचा फुगवटा, जो पाइलला वर उचलू देत नाही. ही पद्धत रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने भारतात रुजवली आणि आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात तिचे नियम आहेत. घराभोवती पाणी साचू न देणं, भिंतीला लागून रुंद एप्रन करणं आणि मोठी झाडं लांब लावणं हे स्वस्तातले उपाय आहेत, पण लोक तेच विसरतात.

ड्रोन आणि जीपीएस असताना चेन, लेव्हल कशाला?

यंत्राने दिलेला आकडा बरोबर की चूक हे ठरवायला. लेव्हल घेऊन सुरुवातीच्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवर, परत आलात आणि आकडा जुळला नाही, तर चूक आहे हे निर्विवाद कळतं. टोटल स्टेशन हे अंतर आणि कोन मोजणारं यंत्र स्क्रीनवर तीन दशांशांपर्यंत आकडा दाखवतं आणि तो पूर्ण चुकीचाही असू शकतो. समोरच्या काठीवरच्या प्रिझमची उंची चुकीची भरली की झालं.

आपल्याकडे या विषयाचा इतिहासही जवळ आहे. झिरो माइलचा स्तंभ ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडला जातो, ते सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारले, त्यांची कबर तिथेच आहे. आणि आज उपग्रहाच्या नकाशांचं काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, एमआरसॅक, नागपुरातच आहे. सर्व्हे आवडला तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या वर्षीच उघडा.

पाण्याचे विषय परीक्षेपुरते करावेत का?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, माणसं दगावली. त्यानंतर हा प्रश्न नागपूरच्या मुलाने विचारू नये असं मला वाटतं.

जलविज्ञानात एक साधं सूत्र येतं. प्रवाह म्हणजे वाहून जाण्याचा गुणांक, पावसाचा तासी वेग आणि क्षेत्र यांचा गुणाकार, भागिले ३६०. दहा हेक्टरचा ले-आउट घ्या आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस. मोकळी जमीन असताना गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला ०.४२ घनमीटर पाणी निघतं. तिथे सिमेंटचे रस्ते, घरं, पेव्हर ब्लॉक आले आणि गुणांक ०.७ झाला, की तेच ०.९७. पाऊस तोच, पाणी दुपटीपेक्षा जास्त, आणि खालचा नाला जुनाच, बहुतेकदा अरुंद केलेला. एका पानाच्या हिशेबात शहराचं दुखणं दिसतं.

पर्यावरणाच्या विषयासाठी तर नागपूर भाग्यवान आहे. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८ साली इथे सुरू झाली, तेव्हा तिचं नाव सीफेरी होतं. १९७४ मध्ये नीरी झालं. पेंचच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचं पाणी शहराला येतं, गोरेवाड्याला शुद्धीकरण होतं. भांडेवाडीत प्रक्रिया झालेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे तेवढं ताजं पाणी वाचतं. कॉलेजची औद्योगिक भेट अशा ठिकाणी असेल तर हजेरीपुरते जाऊ नका. गाळ कुठे बसतो, क्लोरीन कुठे मिसळतात, किती वेळ पाणी थांबतं, हे विचारा. दरडोई रोज १३५ लिटर हा पुस्तकातला आकडा तिथे पंप आणि टाक्यांच्या रूपात दिसतो.

रस्त्यांच्या विषयात "नागपूर प्लॅन" काय आहे?

देशातला प्रत्येक सिव्हिलचा विद्यार्थी आपल्या शहराचं नाव या प्रश्नात लिहितो. १९४३ साली नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि भारताचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडा ठरला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी तिथली. उद्दिष्ट होतं १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता. आज त्याच शहरातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मुंबईकडे निघतो, गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो असं बांधकाम उभं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावल्यांपैकी आयआरसी ३७ डांबरी रस्त्यांसाठी, आयआरसी ५८ सिमेंटच्या रस्त्यांसाठी. दोन्हींतला फरक घरासमोरचा रस्ता बघून समजून घ्या.

आयएस कोड पाठ करायचे असतात का?

नाही. डिझाइनच्या पेपरला बहुतेक ठिकाणी आयएस ४५६ (काँक्रीटचा) आणि आयएस ८०० (स्टीलचा) सोबत नेऊ देतात. पाठ करायचं नाही, पण कोणती गोष्ट कोणत्या कलमात आहे हे हाताला माहीत हवं. भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवरून भारतीय मानकं मोफत उतरवता येतात. फोटोकॉपीच्या दुकानातली जुनी प्रत घेऊ नका, दुरुस्त्या त्यात नसतात.

ऑटोकॅड, स्टॅड, ईटॅब्सचा क्लास कधी लावावा?

ऑटोकॅड पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिका, ती लेखणी आहे. स्टॅड किंवा ईटॅब्स ही इमारतीचं गणित करणारी सॉफ्टवेअर स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस झाल्यावर. तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलाला "डिझाइन इंजिनीअर बनवतो" म्हणून हजारो रुपये घेणारे क्लास आहेत. त्या वयात रंगीत आकृती पाहून काही हाती लागत नाही. सॉफ्टवेअर कुठल्याही चुकीच्या आकड्यांवर छान रिपोर्ट काढतं. म्हणून दोन तपासण्यांची सवय लावा. सगळ्या आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज एकूण भाराइतकी येते का, आणि एका बीमचा मोमेंट हाताने काढलेल्या उत्तराच्या जवळ आहे का. पाण्याकडे कल असेल तर इपानेट (पाइपांच्या जाळ्यासाठी) आणि हेक-रास (नदी-नाल्यांसाठी) ही मोफत आहेत, आणि त्यांचं चांगलं काम येणारी मुलं कमी आहेत.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येतो आहे. जड जाईल का?

सर्व्हे, ड्रॉइंग, बांधकाम साहित्य यांत तुम्ही बारावीवाल्यांच्या पुढे असाल. गणितात मागे असाल. प्रवेशाआधीच्या सुटीत इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स रोज थोडं थोडं करा. वर्गात "हे तर आम्हाला झालंय" म्हणून एसओएम सोडू नका. नाव तेच असलं तरी खोली वेगळी आहे.

मराठी माध्यमातून आलो आहे. इंग्रजीत लिहिता येईल का?

येईल. सिव्हिलच्या पेपरात निम्म्याहून जास्त उत्तरं आकृती आणि आकडेमोड असतात. पहिल्या महिन्यात एक वही करा: डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे आपल्या शब्दांत अर्थ आणि छोटी आकृती. मित्राला तो मुद्दा मराठीत समजावून सांगता आला की इंग्रजी वाक्य आपोआप जमतं. व्हायवात अडलात तर आकृती काढून दाखवा; समजलेल्या मुलाला परीक्षक ओळखतात. इंग्रजीला घाबरून गाइडमधली वाक्यं घोकणं हा मात्र सगळ्यात महाग पडणारा मार्ग आहे.

मुलीला सिव्हिलला घालावं का? साइटवर उन्हातान्हात…

काकू, ऊन मुलालाही तेवढंच लागतं. माझ्या विद्यार्थिनी साइटवर आहेत, डिझाइन ऑफिसात आहेत, सरकारी खात्यांत आहेत. विचारायचा प्रश्न कंपनीला आहे: साइटवर स्वच्छतागृह आहे का, परतायला गाडी आहे का, रात्रीच्या स्लॅबला सोबत कोण असतं. हे प्रश्न स्पष्ट विचारायला तिला शिकवा. शाखा निवडताना तिची आवड आणि गणित बघा.

एस्टिमेट सोपा विषय आहे म्हणतात. खरं का?

सोपा वाटतो, म्हणून दुर्लक्षित राहतो. आणि पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात विचारला जातो. सळईचं वजन मीटरला किती? व्यासाचा वर्ग भागिले १६२. बारा एमएमची ०.८९ किलो. हे तोंडावर हवं. बार बेंडिंग शेड्यूल (सळयांची लांबी-आकारांची यादी), मोजमापाचं आयएस १२००, सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची आणि मेजरमेंट बुक या चार गोष्टी नीट आल्या तर ठेकेदार तुम्हाला गृहीत धरत नाही. परीक्षेसाठी दिलेली दोन खोल्यांची आकृती सोडा आणि स्वतःच्या घराचा एस्टिमेट करा. यूडीसीपीआर २०२० या राज्याच्या बांधकाम नियमावलीमधून सामासिक अंतरं बघून तोच प्लॅन आज मंजूर होईल का, हेही तपासा.

इंटर्नशिप आणि फायनल इयर प्रोजेक्ट कसा निवडावा?

इंटर्नशिप मोठ्या नावाच्या साइटवर मिळाली आणि महिनाभर केबिनमध्ये बसवलं, तर उपयोग नाही. वस्तीतल्या तीन मजली इमारतीवर लाइन-आउटपासून (जमिनीवर आखणी) प्लिंथपर्यंत (जोतं) रोज उभं राहिलात तर खूप आहे. रोज संध्याकाळी एक पान लिहा: आज काय झालं, नकाशात काय होतं, फरक का पडला.

प्रोजेक्ट विकत घेण्याची दुकानं आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे जाऊ नका, कारण मुलाखतीत बाकी काही नाही तरी प्रोजेक्ट नक्की विचारतात. विषय छोटा आणि जवळचा घ्या: आपल्या वस्तीतल्या पावसाळी नाल्याची क्षमता, फ्लाय अ‍ॅशच्या विटांची ताकद, काळ्या मातीत चुना मिसळून फुगणं किती कमी होतं, एका चौकातली वाहनांची मोजणी. स्वतः मोजलेले तीस आकडे इंटरनेटवरून घेतलेल्या तीनशे पानांपेक्षा भारी पडतात.

गेट, एमपीएससीची तयारी कधीपासून?

वेगळी तयारी तिसऱ्या वर्षापासून पुरते, आणि गेटला, म्हणजे एम.टेक. प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेला, तिसऱ्या वर्षातही बसता येतं. गेटच्या १०० मार्कांपैकी १५ अ‍ॅप्टिट्यूड, १३ गणित आणि बाकी ७२ तेच विषय आहेत जे तुम्ही वर्गात शिकता आहात. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक धडा संपला की त्यावरचे गेटचे जुने प्रश्न सोडवा. यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा आणि एमपीएससी यांचाही पाया तोच. चौथ्या वर्षी सगळं सोडून क्लासला जाणाऱ्यांना मी थांबवत नाही, पण त्यांच्या हातून डिझाइनचे चांगले इलेक्टिव्ह सुटतात.

सुरुवातीला काय काय विकत घ्यावं?

सायंटिफिक कॅल्क्युलेटर (परीक्षेत चालणारा, प्रोग्रॅमेबल नको), ड्राफ्टर, पाच मीटरचा टेप आणि सेफ्टी शूज. ड्राफ्टर सिनियरकडून जुना मिळतो, नवा घ्यायची गरज नाही. लॅपटॉप पहिल्या वर्षी नसला तरी चालतो. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑटोकॅड असतं. घ्यायचाच असेल तर तिसऱ्या सेमिस्टरला घ्या, १६ जीबी रॅमचा. पुस्तकं आधी वाचनालयातून काढा, एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स मोफत आहेत, आणि जे पुस्तक दोनदा परत काढावंसं वाटलं तेच विकत घ्या. टेप मात्र पहिल्या दिवसापासून बॅगेत ठेवा आणि पायऱ्या, दारं, बीम, कॉलम, जे दिसेल ते मोजत राहा.